पळती लय

उद्या दुपारी हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये त्र्यंबकराव आठल्ये अमर व्हायचे होते, आणि त्यापायी पद्मजा सकाळपासून तोंडली चिरत होती. चाळीस कार्यकर्त्यांचा मसालेभात. सासरे जाऊन पंचवीस वर्षं झाली. जिवंत होते तोवर सुनेच्या हातचं काही बरं झालंय असं त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. मेल्यावर मात्र दर गणपतीत ते तिला असं राबवून घेत होते.

खाली बेसमेंटमध्ये तिचा नवरा पुरुषोत्तम येरझाऱ्या घालत भाषण पाठ करत होता. जिन्यातून त्याचा आवाज वर येई.

"चंद्रविलास मंडळीचे संगीत-दिग्दर्शक त्र्यंबकराव आठल्ये ऑर्गनवर बसले, की सारं थिएटर त्यांच्या बोटांवर चाले! परंतु बंधुभगिनींनो, त्यांची खरी क्रांती कोणती? त्वरा!"

"त्वरा," ओट्याशी चहा घेत उभ्या असलेल्या प्रल्हादने पुटपुटून साथ केली. तो काल ॲन आर्बरहून दिवसभर गाडी हाकत आला होता. बायकोला, शैलाला, त्याने आणलं नव्हतं. म्हणजे शैलानेच शहाणपणा केला होता. "वहिनी, बावीस वर्षं हे ऐकताय तुम्ही. अंगावर पुरळ कसं उठत नाही?"

"उठतं. कॅलामाइन लावते."

प्रल्हाद मोठ्याने हसला. पद्मजालाही बरं वाटलं. या घरात त्वरेवर हसायची सोय फक्त हा धाकटा दीर आला की व्हायची.

त्वरा म्हणजे पुरुषोत्तमचा सिद्धान्त. दादांनी, म्हणजे त्र्यंबकरावांनी, ऐन तिशीत काही रेकॉर्डी दिल्या होत्या. स्वतःच्याच चाली, स्वतःच गायलेल्या, आणि ऑर्गनही स्वतःचाच. पुढे रेकॉर्ड म्हटलं की ते तोंड वाकडं करत. त्यांच्या मते ती 'तीन मिनिटांची टिकली' होती. घरात ग्रामोफोन येऊ दिला नाही. पण पुरुषोत्तमकडे त्या रेकॉर्डींवरून केलेली एक टेप होती, आणि टेपेत दादा सुसाट गात. रेकॉर्डच्या तीन मिनिटांत मावावं म्हणून दादांनी लय वाढवली, आणि त्यातून नाट्यगीताची एक नवी गायकीच जन्मली, असं पुरुषोत्तमचं म्हणणं. त्यावर त्याने पदरमोड करून पुस्तक छापलं होतं. बॉस्टनपासून ह्यूस्टनपर्यंत जे मंडळ गाफील सापडेल तिथे तो स्लाइडसकट व्याख्यान देऊन आला होता. लोक ऐकून घेत, कारण नंतर जेवण असे. आता त्या टेपेची कॅसेट निघाली होती. गॅरेजमध्ये खोकी रचली होती, प्रत्येक कॅसेटवर पगडीतले दादा, आणि खाली लाल अक्षरांत 'त्वरा'.

"मला एक सांगा," प्रल्हाद म्हणाला, "'थांब तरी मृगलोचने' हे पद दादा एवढं धावत का म्हणतात? थांब कोणाला म्हणतायत? ती बाई एव्हाना पुढच्या गावी पोचली असेल."

"पुस्तकात दिलंय ते. विरोधाभासाचं सौंदर्य."

"अरे देवा."

टेबलाशी सासूबाई, माई, कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, डोळे अर्धे गेलेले, कान मात्र शाबूत. सात वर्षांपूर्वी त्या इथे आल्या तेव्हा नऊवारींच्या घड्यांत गुंडाळून दादांच्या रेकॉर्डी घेऊन आल्या होत्या. पुरुषोत्तमने त्या फ्रेम करून भिंतीवर टांगल्या. झिजतील म्हणून वाजवल्या कधीच नाहीत.

"माई, तुला काय वाटतं गं? दादांची त्वरा?" प्रल्हादने विचारलं.

माईंनी एक किडकं पान बाजूला टाकलं. "मला काय कळतंय त्यातलं? मी आपली कंपनीचा स्वयंपाक बघायची."

"बघा," पद्मजा म्हणाली. "घराण्याची परंपराच आहे ही."

---

प्रल्हाद विक्रमला आणायला मेट्रोपार्कच्या स्टेशनवर गेला. पुतण्या न्यूयॉर्कमध्ये एका रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करायचा. पुरुषोत्तम लोकांना 'ऑडिओ इंजिनिअरिंग' सांगे, कारण पोरगा दिवसभर साबणाच्या जाहिरातींची गाणी पुसूनपुसून स्वच्छ करतो हे मंडळात सांगण्यासारखं नव्हतं. विक्रम ट्रेनमधून उतरला तो काखेत एक चपटं पुठ्ठ्याचं पार्सल धरून. गाडीत बसला, बेल्ट लावला आणि गप्पच राहिला. हे काही त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं.

"काय रे, गर्लफ्रेंडने सोडलं का?"

"काका, प्रॉमिस करा. मी काय सांगतोय ते तुम्ही बाबांच्या अगेन्स्ट वापरणार नाही."

"प्रॉमिस," प्रल्हाद म्हणाला. मिशिगनमध्ये इतकी वर्षं संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाने कशाचं प्रॉमिस करतोय हे आधी पाहायला हवं होतं. पण घाई हा सगळ्या आठल्यांचाच दोष.

"मी जुलैमध्ये भिंतीवरच्या दोन रेकॉर्ड्स नेल्या होत्या ना? ग्लास रिपेअर करायला म्हणून? ते खोटं होतं. आमच्याकडे एक जुनं टर्नटेबल आहे, सेव्हन्टी-एट स्पीडच्या रेकॉर्ड्स वाजवतं. म्हटलं, बाबांची टेप किती खराब आहे, डायरेक्ट डिस्कवरून कॉपी करून उद्या सरप्राइझ देऊ." त्याने पार्सलवरची दोरी सोडली, परत बांधली. "काका, बाबांची टेप फास्ट आहे. लाइक, रिअली फास्ट. करेक्ट स्पीडला लावलं तर तो वेगळाच माणूस आहे. स्लो आहे. ही इज सो स्लो."

प्रल्हादने सिग्नल हिरवा झालेला पाहिला नाही. मागच्या गाडीने हॉर्न मारला.

"म्हणजे त्वरा..."

"देअर इज नो त्वरा."

ओक ट्री रोडवरून जाताना साडीच्या नव्या दुकानाच्या काचेवर उद्याच्या कार्यक्रमाचं पत्रक चिकटवलेलं दिसलं. दादा, पगडी, लाल अक्षरं. प्रल्हादच्या छातीत जे काही उसळलं त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही: तो आनंद होता. त्याच्याच युनिव्हर्सिटीत, त्याच्याच सहकाऱ्यांसमोर पुरुषोत्तमने एकदा हे व्याख्यान झोडलं होतं आणि शेवटी 'माझा धाकटा भाऊ, याला गळा नाही, पण आकडे येतात,' अशी ओळख करून दिली होती. लोक हसले होते. प्रल्हाद अजून तिथेच उभा होता.

"नक्की कशावरून?" त्याने विचारलं. आवाज शक्य तितका प्राध्यापकी ठेवला. "तुझं टर्नटेबल चुकत असेल."

"चेक करता येईल. रेकॉर्डवर आजोबांचा ऑर्गन वाजतोय. तोच ऑर्गन आपल्या बेसमेंटमध्ये आहे. रीड्सचा पिच फारसा हलत नाही. मॅच करून बघायचं." विक्रमने त्याच्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही हसताय."

"नाही रे."

"यू आर टोटली हसताय."

---

जेवणं झाली. प्रल्हादने प्रॉमिस श्रीखंडापर्यंत पाळलं. दुसरी वाटी संपताच म्हणाला, "अण्णा, विक्रमने तुझ्यासाठी सरप्राइझ आणलंय. चला सगळे खाली."

विक्रमने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कोणाला श्रीखंड गेलं नसतं. पण आता इलाज नव्हता. वरात खाली निघाली. माईंना पद्मजाने हात धरून एकेक पायरी उतरवलं.

बेसमेंट म्हणजे आठल्यांचं देऊळ. शॅग कार्पेट, भिंतीला रेकॉर्डी, आणि मधोमध दादांचा ऑर्गन. मुंबईहून बोटीने आणवलेला. त्याच्यावर प्लॅस्टिकची फुलं, मंडळाच्या ट्रॉफ्या, पुरुषोत्तमचा भारतीय वकिलातीतल्या एका कॉन्सुलबरोबरचा फोटो. तो वाजवायचा असतो हे घरात कोणाच्या डोक्यातही येत नसे. पुरुषोत्तम तर त्याच्या पट्ट्यांना बोटही लावत नसे. पाहुण्यांना सांगे, 'दादांच्या बोटांची पवित्र वस्तू आहे ती.'

विक्रमने आधी बापाची कॅसेट लावली. दादा चिरक्या आवाजात मृगलोचनेच्या मागे धावू लागले. पुरुषोत्तमने डोळे मिटून मान डोलवली. मग विक्रमने ती काढली आणि स्वतःची लावली. खरखर, ऑर्गनचा एक लांब सूर, आणि भरल्या गळ्याचा कोणी पुरुष गाऊ लागला. तो कुठेही चालला नव्हता. शब्द ठेवी, त्याच्याकडे पाही, मग दुसरा ठेवी.

"हा कोण?" पुरुषोत्तमने विचारलं.

"आजोबा."

"छे!"

"बाबा, ही तीच रेकॉर्ड आहे. भिंतीवरची. करेक्ट स्पीडला."

"तुमचं मशीन बिघडलंय. अमेरिकन मशीन आहे, त्याला आपलं संगीत काय समजणार?" पुरुषोत्तम हसला. "अरे, हे रेंगाळतंय. ऐक जरा. दादा असे रेंगाळत?"

"मशीनला संगीत समजत नाही हेच बरं आहे, अण्णा," प्रल्हाद म्हणाला. "ते सिद्धान्त काढत नाही. सोपं आहे. ऑर्गन लावून बघू."

आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने ट्रॉफ्या उतरवायला घेतल्या. कॉन्सुल पालथा पडला. झाकण उघडलं तेव्हा कापराचा आणि जुन्या लाकडाचा वास आला. प्रल्हादने पायाने भाता मारला. ऑर्गनने आधी नुसता श्वास टाकला, मग सूर दिला.

विक्रमने बापाची कॅसेट पुन्हा लावली. दादांचा षड्ज आला. प्रल्हाद एकेक पट्टी दाबत गेला आणि काळी दोनवर सूर जुळला. अगदी चोख.

"बघ!" पुरुषोत्तमने टाळी वाजवली. "काळी दोन! पुस्तकात पान बारावर लिहिलंय मी. पुरुषाच्या गळ्याला दुर्मीळ पट्टी. झालं समाधान?"

विक्रमने दुसरी लावली. तिचा षड्ज काळी एकवर जुळला. तोही तितकाच चोख.

प्रल्हादचा चेहरा पडला. आकड्यांच्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं: टेप मधली पांढरी धरून नेमकी दोन पट्ट्यांनी चढली असेल तर ऑर्गन दोन्हीकडून साक्ष देणार. दादा कोणत्या पट्टीत गात हे ठाऊक असल्याशिवाय ऑर्गनची साक्ष कवडीमोल होती.

"हात दाखवून अवलक्षण," पुरुषोत्तम म्हणाला. आता त्याच्या आवाजात व्याख्यानाचा ताल परत आला. "प्रल्हाद, तुला गळा नाही आणि कान नाही. दादा तुला ऑर्गनच्या जवळ फिरकू देत नव्हते, ते उगाच नाही."

"आणि तुला? तुला किती दिवस बसू दिलं रे?"

पद्मजाने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण हा माणूस ऑर्गनला हात का लावत नाही हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिने ते भक्तीच्या खात्यात टाकून दिलं होतं.

"काळी एक," माई म्हणाल्या.

सगळे वळले. माई जिन्याजवळच्या खुर्चीत पदर सावरून बसल्या होत्या.

"काय म्हणालीस?"

"ह्यांची पट्टी. काळी एक. जन्मभर."

"माई, तुला आता आठवत नसेल," पुरुषोत्तम समजुतीच्या सुरात म्हणाला. "वयोमानाने..."

"मला आठवत नाही?" माई म्हणाल्या. "रोज पहाटे उठून काळी एकवर खर्ज लावायचे. मी चुलीशी. दूध उतू गेलं तरी उठायची सोय नव्हती, षड्ज मोडतो म्हणे. तुम्हा दोघांच्या वेळी पोटात कळा येत होत्या तेव्हासुद्धा काळी एकच चालू होती. आणि मला आठवत नाही!"

प्रल्हादने विजयी मुद्रेने विक्रमकडे पाहिलं. विक्रमने पाहायचं टाळलं. हे असं व्हायचं नव्हतं. त्याला वाटलं होतं, बाबा नवी टेप ऐकतील, आधी चिडतील, मग म्हणतील, वा, काय साफ आवाज आलाय. दोन महिने तो साबणाची गाणी संपवून त्या रेकॉर्डींची खरखर काढत बसला होता, ते यासाठी नाही.

"बाबा, इट्स स्टिल ग्रेट," तो म्हणाला. "इट्स बेटर, ॲक्चुअली."

"बेटर?" पुरुषोत्तम म्हणाला. "तुझ्या आजीने एक शब्द सांगितला आणि माझं बावीस वर्षांचं काम गेलं? ही रेकॉर्डिंगच्या वेळी हजर होती का? स्टुडिओत पट्टी बदलली असेल. भोंग्यासमोर गायचं तर आवाज वर चढवावा लागत असेल. याला म्हणतात संशोधन! नुसतं..."

टेप चालूच होती. बोलण्याच्या नादात ती बंद करायची राहून गेली. पद संपलं, ऑर्गनचा शेवटचा सूर विरला, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गायकाने शेवटी आपलं नाव सांगितलं.

"त्र्यंबक आठल्ये. चंद्रविलास मंडळी."

पुरुषोत्तमच्या टेपेतही हे होतं. तिथे ते एखाद्या चिमण्याने चिवचिवावं तसं येई, आणि विक्रम लहानपणी बर्थडे पार्ट्यांमध्ये त्याची नक्कल करून हशा मिळवे. आता ते गाणं नव्हतं. गाण्याबद्दल वाद घालता येतो. हे नुसतं बोलणं होतं: जड, थकलेलं, शेवटचा शब्द जरा दाबून टाकलेलं. या खोलीत तो आवाज तीन माणसांनी जिवंतपणी ऐकला होता, आणि पद्मजाने सून म्हणून ऐकला होता, म्हणजे चार. चौघांपैकी कोणालाही विचारायची गरज उरली नाही.

पुरुषोत्तम सोफ्यावर बसला.

---

तो बारा वर्षांचा होता. कंपनीचा मुक्काम मिरजेला. दादांनी त्याला ऑर्गनवर बसवलं होतं, स्वतः उजव्या बाजूला तबल्याची हातोडी घेऊन उभे. 'थांब तरी मृगलोचने.' पद त्याला झोपेतही वाजवता आलं असतं. पण समेच्या जवळ आला की त्याच्या बोटांना धीर धरवत नसे. सम दिसली की तो तिच्यावर उडी मारी. मग उजव्या बाजूने हातोडी येई, बोटांच्या पेरांवर, फार जोरात नाही. आणि तो जड आवाज: "पळतोस, पुरुषोत्तमा." पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सम, पुन्हा हातोडी. शेवटी दादांनी झाकण लावलं आणि कंपनीच्या सगळ्या माणसांसमोर म्हणाले, "याच्या रक्तात लय नाही. कुठून आणलंस हे?" हा प्रश्न माईंना होता. त्यानंतर पुरुषोत्तमने ऑर्गनला हात लावला नाही.

दादा गेल्यावर काही वर्षांनी तो अमेरिकेतून गिरगावात आला तेव्हा त्या रेकॉर्डी त्याने पहिल्यांदा ऐकल्या. एका ओळखीच्या माणसाचा किल्लीचा ग्रामोफोन, आणि स्वतःबरोबर आणलेला टेपरेकॉर्डर. आणि काय आश्चर्य! दादा पळत होते. दादा त्याच्यासारखेच पळत होते. त्या दिवशी त्याला इतका आनंद झाला होता की तो रस्त्याने हसत गेला.

"स्प्रिंग सैल होती त्या ग्रामोफोनची," तो आता कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाला. "मशीन रेंगाळत होतं. निदान मला तसं वाटलं. बाजूला स्पीडची खुंटी होती. मी सरकवली. बरोबर वाटेपर्यंत सरकवली."

"कोणाला बरोबर वाटेपर्यंत?" प्रल्हादने विचारलं.

"मला."

प्रल्हाद हसला. त्याला थांबता आलं नाही. "म्हणजे नाट्यसंगीतातली क्रांती एका खुंटीवर! अण्णा, हे उद्या सांगायलाच हवं. स्टेजवर. तुला जमत नसेल तर मी सांगतो. लोकांना सत्य कळलं पाहिजे. मी तुला बावीस वर्षं सांगतोय की हा सगळा..."

"भाऊजी, पुरे," पद्मजा म्हणाली.

"वहिनी, सकाळी तुम्हीच..."

"सकाळी मी माझ्या नवऱ्याला हसत होते. तो माझा हक्क आहे, तोंडली मी चिरते." ती सोफ्याशी येऊन उभी राहिली होती, पुरुषोत्तमच्या बाजूने. "तुम्हाला सत्याची एवढी चाड कधीपासून? दादांचं एक पद येतं का तुम्हाला? अख्खं? दादा गेले तेव्हा तुमची कसली परीक्षा होती म्हणून आला नाहीत. यांनी खोटी का होईना, बावीस वर्षं टेप तरी वाजवली. आयत्या बिळावर नागोबा व्हायला आलात, ते मुकाट्याने मसालेभात खा आणि जा."

विक्रमला हसू आलं. त्याने ते कॅसेटच्या डबीत तोंड घालून लपवलं.

पुरुषोत्तमचं लक्ष नव्हतं. तो माईंकडे पाहत होता.

"माई, तू टेप पहिल्यांदा ऐकलीस ती इथे आलीस त्याच दिवशी. मी विमानतळावरून येताना गाडीतच लावली होती. तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"आणि सात वर्षं बोलली नाहीस? मी पुस्तक छापलं! गावोगाव गेलो! लोकांसमोर हसं करून घेतलं! एका शब्दाने सांगायचं होतंस, पुरुषोत्तमा, टेप पळतेय!"

माईंनी चष्मा काढला, पदराने पुसला. त्यांना घाई नव्हती. या घरात घाई नसलेलं तेवढं एकच माणूस होतं.

"जन्मभर त्यांनी सगळ्यांना आपल्या लयीत चालवलं," त्या म्हणाल्या. "कंपनीला, मला, तुला. जो मागे राहील त्याला शिव्या, पुढे जाईल त्याला हातोडी. मी मिरजेला दारात उभी होते, पुरुषोत्तमा. तुझी बोटं बघितली होती. काही बोलले नाही. मग त्या गाडीत ऐकलं, तर हे आपले धावतायत, चिरकतायत, धाप लागलीय. मला इतकं हसू आलं! खिडकीकडे तोंड करून हसले. म्हटलं, असू दे. माझ्या मुलाने पळवलंय त्यांना. पळू देत की जरा."

वर किचनमध्ये उद्यासाठी लावलेल्या कुकरची शिट्टी झाली आणि पद्मजा जागची हलली नाही.

पुरुषोत्तम उठला, ऑर्गनपाशी गेला, पालथा पडलेला कॉन्सुल उचलून खाली कार्पेटवर नीट ठेवला. स्टूल ओढलं.

"विक्रम, लाव परत. तुझी."

"बाबा, यू डोन्ट हॅव टू."

"लाव. आणि उद्या ऑडिटोरियममध्येही हीच लावायची. मी सांगेन काय सांगायचं ते."

"आणि गॅरेजमधली खोकी?" प्रल्हादने विचारलं, पण आता त्याच्या आवाजात दम नव्हता.

"वाटून टाका," माई म्हणाल्या. "न्यू जर्सीतल्या लोकांना नाही तरी घाईच असते."

विक्रमने टेप सुरुवातीला नेली. खरखर, मग ऑर्गनचा लांब सूर. पुरुषोत्तमने भात्यावर पाय ठेवला आणि काळी एकवर बोट टेकवलं. दोन्ही ऑर्गन एकात एक मिसळले. कार्पेटवरचा कुठला आणि रेकॉर्डवरचा कुठला ते ओळखता येईना. पन्नास वर्षांनी बोटांना सगळं आठवत होतं. पद पहिल्या ओळीतून सरकत निघालं. बाप पुढे आणि मुलगा त्याच्या सावलीतून चाललेला. पद्मजाचा हात आपोआप पदराशी गेला. प्रल्हादनेसुद्धा मान खाली घातली.

मग ध्रुवपदाची सम जवळ आली. ती दुरूनच दिसत होती. पुरुषोत्तमने दात आवळले, खांदे आवळले, बोटं रोखून धरली, आणि तरीही ती निसटली. तो समेवर जाऊन पोचला. बापाच्या आधी.

त्याने हात झटक्याने मागे घेतला आणि उजवीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. फक्त माई, खुर्चीत, मांडीवर हात.

भाता आवाज न करता खाली बसत होता. पुरुषोत्तम हात हवेत धरून तसाच बसून राहिला. दादा अजून यायचे होते. ते आपल्या चालीने आले, कोणासाठी पाऊल न उचलता, आणि समेवर पोचून त्या जड, भरल्या आवाजात म्हणाले, "थांब."

"थांबलोय, दादा," पुरुषोत्तम म्हणाला.